जुन्या डेस्कटॉपवर फोर-के एडिटिंग: तीस हजारांत काय बदलायचं, काय नाही

तुमच्या लांबलचक निरोपाचा सारांश आधी लिहितो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नागपूरच्या नंदनवनात घरूनच एडिटिंगचं काम. मशीन २०१४ मध्ये बर्डीतून जोडून घेतलेलं: आय५-४५७० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर३ रॅमच्या चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या, एक टीबीची हार्ड डिस्क आणि नंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून टाकलेलं जीटी ७१० कार्ड. लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग, फुल एचडीतलं सगळं यावर निघत होतं. आता सोनीचा झेडव्ही-ई१० घेतलाय, दुसरा अँगल फोनवर, दोन्ही फोर-के. टाइमलाइनवर चित्र गोठतं, आवाज पुढे निघून जातो, एक्स्पोर्ट लावला की सकाळी बघायचा. दुकानदार म्हणतो, "भाऊ, चांगलं ग्राफिक्स कार्ड टाकून घ्या, मशीन पळते मग." हाताशी तीस हजार आहेत आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू.

कार्ड आत्ता घेऊ नका. घ्यायचंच झालं तर सगळ्यात शेवटी घ्या. दुकानदार तुम्हाला फसवतोय असं नाही. तो गेमिंगवाल्या पोरांना दिवसभर जो सल्ला देतो तोच त्याने तुम्हाला दिला. गेममध्ये कार्ड दमतं. तुमच्या कामात दुसरंच काहीतरी दमतंय.

जुन्या मशीनवर खर्च करताना मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारतो: ही पुढच्या मशीनमध्ये येणार, की या बोर्डाबरोबरच भंगारात जाणार? एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) पुढे येते. चांगला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) पुढे येतो. मॉनिटर येतो, कार्डही येतं. डीडीआर३ रॅम येत नाही, जुन्या सॉकेटचा आय७ येत नाही. पहिल्या गटावर मन मोकळं करून खर्च करा, दुसऱ्यावर हात आखडता ठेवा. खालचं सगळं या हिशेबानेच लिहिलंय.

आधी मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघू, कारण त्याला एक पैसा लागत नाही. एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडा, फोनची एक फोर-के क्लिप टाइमलाइनवर टाका, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्सचा टॅब बाजूला ठेवा आणि क्लिप चालवा. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, शंभर टक्क्यांवर चिकटला आणि डिस्क दहा-वीस टक्क्यांतच खेळत असेल, तर अडचण डिकोडिंगची, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्याची. डिस्क शंभर आणि सीपीयू निवांत, तर हार्ड डिस्कची. मेमरी नव्वदच्या वर आणि त्याच वेळी डिस्कही शंभर, तर रॅम संपलीय आणि विंडोज उरलेलं सामान हार्ड डिस्कवर टाकतंय. तुमच्या मशीनवर बहुधा तिन्ही गोष्टी दिसतील, पण एकेका क्लिपला सीपीयूच आधी बसेल.

असं का, ते समजून घेतलंत तर पुढे कुणाचाही सल्ला तुम्ही स्वतः पारखू शकाल. फोन आणि कॅमेरा एच.२६४ किंवा एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतींत रेकॉर्ड करतात. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक फ्रेम पूर्ण, आणि तिच्यानंतरच्या फ्रेममध्ये फक्त "आधीपेक्षा काय बदललं" एवढंच. किराणा दुकानदाराने वहीत रोजची शिल्लक न लिहिता नुसता जमा-खर्च लिहावा, तसं. मधल्याच एखाद्या तारखेची शिल्लक विचारलीत की मागच्या लिहिलेल्या शिल्लकेपासून बेरीज-वजाबाकी करत यावं लागतं. तुम्ही टाइमलाइनवर माऊस मागे-पुढे करता तेव्हा प्रोसेसर नेमकं हेच करत असतो. नुसता व्हिडिओ बघताना हे जाणवत नाही, कारण तेव्हा हिशेब एकाच दिशेने चालतो.

हा हिशेब प्रोसेसरच्या गाभ्यांवर (कोअरवर) न टाकता वेगळ्या सर्किटकडून करून घेता येतो. इंटेलने ती सोय, क्विक सिंक, २०११ पासून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये दिली. पण एच.२६५ चं पूर्ण डिकोडिंग त्यात सहाव्या पिढीत आलं आणि दहा-बिट (रंगांच्या जास्त छटांचं) एच.२६५ सातव्या पिढीत. तुमचा ४५७० चौथ्या पिढीचा. म्हणजे फोनच्या एच.२६५ क्लिपसाठी तुमच्याकडे ते सर्किटच नाही. चार गाभे घाम गाळत सगळा हिशेब हाताने करतात. जीटी ७१० लाही एच.२६५ येत नाही, आणि त्या पिढीच्या कार्डांसाठी नियमित ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबवलं. ते कार्ड काढून बाजूला ठेवलंत तरी एडिटिंगला काही कळणार नाही.

आता डिस्कचं बघू. लोक म्हणतात फोर-केची फाइल मोठी, म्हणून हार्ड डिस्कला झेपत नाही. आकडे वेगळं सांगतात. झेडव्ही-ई१० फोर-केमध्ये जास्तीत जास्त १०० मेगाबिटने लिहितो, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. साधी हार्ड डिस्क एका ओळीने वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट सहज देते. एका क्लिपला ती पुरून उरते. तिचा जीव जातो तो उड्या मारण्यात. एकीकडे दोन कॅमेऱ्यांच्या क्लिप, दुसरीकडे गाणं, त्यात विंडोजचं स्वतःचं काही, कॅशच्या हजारो बारक्या फाइल्स, आणि हे सगळं एकाच डिस्कवर. एसएसडीने फरक पडतो तो इथे. मशीन लवकर सुरू होतं, सॉफ्टवेअर झटकन उघडतं, थंबनेल आणि वेव्हफॉर्म लगेच दिसतात. पण डिकोडिंगमुळे गोठणारं चित्र एसएसडीने सुटणार नाही. एसएसडी टाकूनही टाइमलाइन अडकली तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, एवढ्यासाठी हे आधीच सांगून ठेवतो.

मग या सीझनला करायचं काय? प्रॉक्सी.

प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपची हलकी प्रत. एडिटिंग तिच्यावर करायचं, एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाइल उचलतं. आपल्याकडे बरेच जण याला हात लावत नाहीत, कारण आधी प्रत बनवण्यात वेळ जातो. पण तो वेळ तुमचा जात नाही, मशीनचा जातो. लग्नाहून रात्री आलात, मेमरी कार्ड कॉपी केलं, प्रॉक्सी लावली आणि झोपलात. सकाळी चहा होईपर्यंत टाइमलाइन तयार. प्रीमियरमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून क्रिएट प्रॉक्सीज, दाविंची रिझॉल्व्हमध्ये जनरेट प्रॉक्सी मीडिया. शॉटकट आणि केडेनलाइव्ह फुकट आहेत, दोघांतही ही सोय आहे.

प्रॉक्सी कोणत्या फॉरमॅटमध्ये करता यावर सगळं आहे. एच.२६४ मध्येच छोटी प्रत केलीत तर हिशेबाची वही तशीच राहते, फक्त आकडे लहान होतात. थोडा फायदा होईल, पूर्ण नाही. डीएनएक्सएचआर एलबी किंवा प्रोरेस प्रॉक्सी घ्या, फुल एचडी आकारात. यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते, त्यामुळे मागे-पुढे जाताना मागचा हिशेब लागत नाही आणि २०१४ चा आय५ सुद्धा लोण्यासारखा चालतो. जागा जास्त लागते: २५ फ्रेमला सेकंदाला साधारण ३६ मेगाबिट धरा, म्हणजे तासाभराच्या फुटेजला सोळा जीबीच्या आसपास. सहा तासांच्या लग्नाला शंभर जीबी. म्हणून एसएसडी २४० जीबीची घेऊ नका, किमान ५०० ची घ्या. पैशाचा मेळ बसला तर एक टीबी.

प्लेबॅक रिझोल्यूशन अर्धं किंवा पाव करून प्रॉक्सीचा वळसा टाळायला बघाल, तर एच.२६५ मध्ये त्याचा फारसा उपयोग नाही. दाखवायचं चित्र लहान होतं, पण डिकोड बहुतेक वेळा पूर्ण फोर-केच करावं लागतं. झेडव्ही-ई१० च्या मेनूत प्रॉक्सी रेकॉर्डिंगचा पर्याय आहे तोही बघून ठेवा. कॅमेरा शूटिंगच्या वेळीच सोबत हलकी फाइल लिहितो. ती फाइल छोटी असली तरी त्या वहीच्याच पद्धतीची असते, पण घाईच्या कामाला, त्याच रात्री रील द्यायची असेल तेव्हा, चालून जाते.

यातच एक काटा आहे, तो फोनचा. बहुतेक फोन फ्रेमरेट स्थिर ठेवत नाहीत. उजेड कमी झाला, फोन तापला की कमी-जास्त करतात. प्रीमियरमध्ये तासाभराच्या फुटेजवर आवाज हळूहळू सरकतो तो यामुळे. मंगलाष्टकाच्या सुरुवातीला ओठ जुळतात, शेवटच्या "सावधान"पर्यंत जुळत नाहीत. फोनच्या क्लिप आधी हँडब्रेक किंवा शटर एन्कोडरमधून कॉन्स्टंट फ्रेमरेटवर काढून घ्या आणि मगच टाइमलाइनवर आणा. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. फोन ३० फ्रेमवर आणि कॅमेरा २५ वर, अशी खिचडीही करू नका. दोन्ही २५ वर, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॉलमधल्या दिव्यांची लपलपही जाते.

तुम्ही पाठवलेलं मारबतीच्या मिरवणुकीचं फुटेज मी तुमच्याच सेटिंगच्या जवळपासच्या चौथ्या पिढीच्या मशीनवर लावून पाहिलं. मूळ क्लिपवर चारही गाभे भरलेले. बडग्याच्या (मिरवणुकीतल्या पुतळ्याच्या) भोवती गर्दी उसळते तिथे चित्र थांबतच होतं, कारण गुलाल, हलणारे हात, धूर, म्हणजे फ्रेमागणिक बदल भरपूर आणि हिशेबही भरपूर. त्याच क्लिपची डीएनएक्सएचआर प्रत टाकली तर सीपीयू पाव भरला आणि कर्सर जिथे सोडला तिथे चित्र हजर. हार्ड डिस्क तीच, रॅम तीच. हा प्रयोग तुमच्या घरी तुम्हीच करून बघा, पैसे खर्च करण्याआधी.

खरेदीची सुरुवात एसएसडीपासून. तुमच्या एच८१ बोर्डावर एनव्हीएमईवरून (आणखी वेगवान, पट्टीसारख्या एसएसडीवरून) विंडोज सुरू करण्याची भानगड नको; साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्या. बोर्डावर साटाची चार तोंडं आहेत, त्यातली दोनच सहा गिगाबिटची. रंग वेगळा असतो किंवा शेजारी बारीक अक्षरात तसं छापलेलं असतं, टॉर्च मारून बघा. एसएसडी त्यात, जुनी डिस्क उरलेल्यात. विंडोज, सॉफ्टवेअर, कॅश आणि चालू प्रोजेक्ट एसएसडीवर. ती काठोकाठ भरू नका. स्वस्त एसएसडी भरत आली की लिहिण्याचा वेग पार बसतो. पाचवा हिस्सा मोकळा ठेवा.

आणि ती जुनी हार्ड डिस्क. तुमच्या निरोपात तिच्याबद्दल एका ओळीत लिहिलंय, माझी सगळ्यात जास्त काळजी मात्र तिचीच. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा आणि रिअलोकेटेड सेक्टर व करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळी बघा. तिथे शून्याऐवजी आकडा दिसला आणि तो आठवड्यागणिक वाढत असेल, तर त्या डिस्कवर कुणाच्याही लग्नाचं फुटेज ठेवू नका. आकडा शून्य असला तरी दहा वर्षांच्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवणं बरं नाही. प्रोसेसर जुना असला तर काम उशिरा होतं. डिस्क गेली तर नवरीच्या बापाला काय सांगणार? बाहेरची एक हार्ड डिस्क घेऊन मूळ फुटेजची दुसरी प्रत, आणि पेनड्राइव्ह ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

रॅमचं थोडं अवघड आहे. आठ जीबीत फोर-के म्हणजे ओढाताण, सोळा पाहिजेत. एच८१ ला दोनच स्लॉट आणि कमाल सोळा जीबी, म्हणजे तुमच्या दोन्ही पट्ट्या काढून आठ-आठच्या दोन घालाव्या लागतील. ही रॅम पुढच्या मशीनमध्ये येणार नाही, म्हणून वापरलेलीच घ्या आणि स्वस्तात मिळाली तरच. विकत घेताना एक गोष्ट हातात धरून बघा. बाजारात आठ जीबीच्या डीडीआर३ च्या अशा पट्ट्या फिरतात ज्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात. नेहमीच्यापेक्षा स्वस्त असतात, कधी स्टिकरवर बारीक अक्षरात एएमडी लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. इंटेलच्या बोर्डात घातली की स्क्रीन काळी. त्यामुळे "घरी जाऊन लावून बघा" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. कॅबिनेट उचलून दुकानात न्या, तिथेच लावून सोळा जीबी दिसले की पैसे. घरी आल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ लावा. रॅमची एखादी चूक एक्स्पोर्टच्या मधोमध सॉफ्टवेअर बंद पाडते आणि माणूस महिनाभर सॉफ्टवेअरलाच शिव्या देत बसतो.

वापरलेला आय७-४७७० किंवा ४७९० टाकू का, असंही विचारलंय. चार गाभे, आठ थ्रेड, एक्स्पोर्ट थोडा लवकर होईल. पण एच.२६५ चं सर्किट त्यातही नाही, आणि तो या सॉकेटबरोबरच संपणार. नको.

उन्हाळ्याबद्दल लिहितो, कारण पुण्या-मुंबईतल्या लोकांचे सल्ले इथे कमी पडतात. प्रोसेसरचं तापमान खोलीवर चढतं. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना रेंडरिंगमध्ये प्रोसेसर ७५ वर गेला, तर नवतप्यात (मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत) ४० च्या खोलीत तोच भार त्याला नव्वदच्या पुढे नेतो. शंभरच्या जवळ आला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. "मशीन उन्हाळ्यात हळू होते" ही तक्रार खरी असते, तिचं कारण एवढंच. एचडब्ल्यूइन्फो लावून आकडे बघा. दहा वर्षांत थर्मल पेस्ट बदलली नसेल तर आता ती पावडर झाली असेल. हीटसिंक काढा, जुनी पेस्ट पुसा, नवी तांदळाच्या दाण्याएवढी लावा. इंटेलच्या मूळ पंख्याच्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांपैकी एखादी जुनी होऊन तुटलेली असते आणि हीटसिंक एका बाजूने उचललेलं राहतं. वरून काही कळत नाही, बोटाने हलवून बघावं लागतं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भरधाव फिरून बेअरिंग जातं.

कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. हवा गार असते हे खरं, पण ती ओली असते. तीत धूळ आणि पाण्यातले क्षार मिसळले की हीटसिंकच्या फटीत असा लेप बसतो की ब्लोअरनेही निघत नाही, ब्रश लागतो. कॅबिनेट कूलरच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच, मागची बाजू भिंतीपासून मोकळी. कूलरची मोटर आणि कॉम्प्युटर एका एक्स्टेंशन बोर्डवर नको, हेही सांगून ठेवतो.

एसएमपीएस. तुमच्या कॅबिनेटबरोबर आलेल्या त्या डब्यावर ४५० वॅट लिहिलेलं आहे म्हणता. त्याच्या अंगावरच्या स्टिकरवर १२ व्होल्टचा रकाना शोधा आणि तिथे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १८ असतील तर बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही याच रकान्यातून खातात. वरच्या मोठ्या आकड्याला काही अर्थ नाही. असला डबा दहा वर्षं चालला हेच पुष्कळ. नवा घेताना ८० प्लस ब्राँझचा ४५० किंवा ५५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. ही पुढे जाणारी वस्तू आहे, इथे हजार रुपये वाचवू नका.

एवढं झालं की सीझन निघेल. आता उरलेल्या पैशांचं.

लोक एडिटिंगसाठी मशीन बांधतात आणि एक ठराविक घसरण करतात: प्रोसेसर एफवाला घेतात. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ यांत फरक एका अक्षराचा आणि थोड्याशा पैशांचा. एफमध्ये आतलं ग्राफिक्स बंद असतं. गेमिंगवाल्याला त्याची गरज नसते, तो कार्ड लावणारच असतो. तुमच्यासाठी मात्र त्या बंद भागातच डिकोडिंगचं सर्किट आहे. एफशिवायच्या १२४०० मध्ये यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे, ते एच.२६५ दहा-बिट तर उलगडतंच, शिवाय ४:२:२ (नेहमीच्या ४:२:० पेक्षा रंगाची जास्त माहिती ठेवणारं) दहा-बिट एच.२६५ सुद्धा उलगडतं. एनव्हिडियाच्या कार्डांना हे ४:२:२ २०२५ च्या ५० मालिकेपर्यंत येत नव्हतं. उद्या तुम्ही दहा-बिट ४:२:२ वाला कॅमेरा घेतलात, तर महागडं जुनं कार्ड तिथे हात वर करेल आणि हा साधा आय५ काम करेल. एवढं मात्र बघा की कॅमेरा ४:२:२ एच.२६५ मध्ये लिहितोय, एच.२६४ मधलं दहा-बिट ४:२:२ इंटेललाही जड जातं.

तेव्हा: आय५-१२४००, एच६१० चा डीडीआर४ बोर्ड, सोळा जीबी रॅम. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेले आहेत, त्यामुळे हा सगळा संच एसएमपीएससह तीस हजारांत बसेलच असं धरून चालू नका. बसत नसेल तर आय३-१२१०० घ्या. चार गाभे, आठ थ्रेड, आणि तेच यूएचडी ७३० आतमध्ये. एक्स्पोर्ट आय५पेक्षा हळू, टाइमलाइन जवळपास तशीच. दोन कॅमेऱ्यांच्या लग्नाला तो पुरतो, आणि त्याच सॉकेटवर पुढे वापरलेला आय५ किंवा आय७ बसवता येतो. बोर्ड घेताना एम.२ चा (पट्टीसारखी एसएसडी बसवायचा) स्लॉट आहे ना ते बघा. कॅबिनेट जुनंच चालेल, एसएसडी आलेलीच आहे, हार्ड डिस्क नवी घेतली असेल तर तीही.

दुसरा रस्ता मला तुमच्या बजेटला जास्त पटतो: कंपन्यांच्या ऑफिसमधून लीज संपून आलेले ब्रँडेड डेस्कटॉप. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर. आठव्या पिढीच्या खालचं काही घेऊ नका. आय५-८५०० मध्ये सहा गाभे, यूएचडी ६३० ग्राफिक्स, एच.२६५ दहा-बिट ४:२:० चालतं, म्हणजे तुमचा फोन आणि झेडव्ही-ई१० दोन्ही झाले. आठवी पिढी म्हणण्याचं आणखी एक कारण: विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. तुमचं सध्याचं मशीन अधिकृतपणे त्यात बसत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हे ऑफिसवाले डबे घेताना उभा, पूर्ण आकाराचा टॉवर मागा. चपटा छोटा डबा दिसायला छान, पण त्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं आणि एसएमपीएसची तोंडं कंपनीची खास असतात. उद्या एसएमपीएस गेला तर बर्डीभर फिरूनही तसा मिळायचा नाही. टॉवरमध्येही डेलचा एसएमपीएस बहुधा खासच असतो, म्हणून उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

कार्डाची पाळी आता येते. काम वाढलं, रंगकाम, नॉइज काढणं, टायटलवर इफेक्ट यांत रिझॉल्व्ह जास्त वापरू लागलात, तर कार्ड लागेलच. रिझॉल्व्ह कार्डावरच जगतं. चार जीबीच्या खाली बघू नका, सहा असेल तर बरं. आरटीएक्स ३०५० चं सहा जीबीचं, ७० वॅटचं कार्ड वेगळी वीजवायर न लावता चालतं, ते अशा मशीनला सोयीचं. वापरलेलं जीटीएक्स १०५० टीआय कुणी स्वस्तात देत असेल तर थांबा: त्या पिढीचे नियमित ड्रायव्हर २०२५ मध्ये बंद झाले. इंटेलचं आर्क ए३८० कागदावर एडिटिंगला फार छान, पण त्याला रिसायझेबल बार ही बोर्डाची सोय लागते, ती तुमच्या जुन्या बोर्डात नाही. नव्या बोर्डावर विचार करा. आणि कार्ड घेण्याआधी तुमचं सॉफ्टवेअर ते डिकोडिंगला वापरतं का ते तपासा. रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत आणि स्टुडिओत एच.२६४-एच.२६५ च्या हार्डवेअर डिकोडिंगबाबत फरक आहे, आणि लिनक्सवरची फुकट आवृत्ती तर या फाइल्स उघडतच नाही. क्रॅक केलेलं प्रीमियर मशीनवर असेल तर काय बोलायचं. ग्राहकांचं फुटेज असलेल्या मशीनवर ते ठेवणं मला पटत नाही. फुकटचं रिझॉल्व्ह अल्ट्रा एचडीपर्यंत एक्स्पोर्ट देतं, लग्नाला तेवढं पुरतं.

मी तुमच्या जागी असतो तर या आठवड्यात ५०० जीबीची एसएसडी, बाहेरची हार्ड डिस्क आणि थर्मल पेस्टची नळी एवढंच आणलं असतं, प्रॉक्सीवर सीझन काढला असता, आणि लग्नांचे पैसे हातात आले की होळीच्या आसपास बोर्ड-प्रोसेसर-रॅम किंवा आठव्या पिढीचा टॉवर. डीडीआर३ त्यात घेतलीच नसती, कुणी ओळखीच्याने पडून असलेली दिली तर गोष्ट वेगळी. घेताना पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहून घ्या. बॉक्स पॅक प्रोसेसरला इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेमधल्या सुट्या प्रोसेसरला दुकानदार देईल तेवढीच. दोघांच्या भावात फरक दिसला तर तो याचा आहे. कोटेशन दोन-तीन दुकानांतून एकाच दिवशी घ्या, रॅमचा भाव आठवड्यात हलतो. आणि कोटेशनमध्ये प्रोसेसरच्या नावापुढे एफ नाही ना, ते स्वतः वाचा.